डाव्या सीटवरचा ब्रेक

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या गल्लीत गाडी चालवता येणारी माणसं असतील तीसेक, आणि लायसन असलेली पन्नासेक. ही छापखान्याची चूक नाही. त्या वरच्या वीसांत मी स्वतः आहे. १९९४ साली दिनानाथ मास्तर, म्हणजे नाक्यावरच्या मोटर ट्रेनिंग स्कूलचे मालक, माझ्याकडून दोन फोटो आणि एक सही घेऊन गेले आणि तीन आठवड्यांनी लायसन घरी आणून दिलं. सोबत पेढे. म्हटलं, मास्तर, पेढे मी द्यायचे. तर म्हणाले, "राजेंद्र, तू पास झालास याचा आनंद मला जास्त आहे." मी ज्या दिवशी परीक्षेत पास झालो त्या दिवशी मी अंबरनाथच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला होतो.

गल्लीत खरा ड्रायव्हर एकच होता. जेठानंद. लायसन नव्हतं ते त्यांच्याकडे.

जेठानंद म्हणजे किडकिडीत, पन्नाशी उलटलेला माणूस. दोन खिशांचा शर्ट, डाव्या खिशात चष्मा, उजव्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. चालताना दोन्ही हात पोटाच्या जरा वर, किंचित वाकलेले. लांबून वाटायचं, हा माणूस परात घेऊन निघालाय. ती परात म्हणजे न दिसणारं स्टिअरिंग होतं हे मला फार उशिरा कळलं. सिंधमध्ये मीरपूरखास ते कराची या रस्त्यावर बावीस वर्षं त्यांनी प्रवासी कोच चालवली. बावीस वर्षांत अपघात किती, असं मी एकदा विचारलं.

"एक बकरी," ते म्हणाले. मग जरा थांबून, "वो भी अपनी मर्जी से आयी थी."

तिकडचं लायसन त्यांनी लॅमिनेट करून ठेवलं होतं. देव्हाऱ्यात झुलेलालच्या फोटोमागे. इकडे त्याची किंमत त्या फोटोच्या चौकटीपेक्षाही कमी. पण मोहिनीभाभी, म्हणजे त्यांच्या मिसेस, दर चेटीचंडला, त्यांच्या नववर्षाला, तेही ओल्या फडक्याने पुसायच्या.

ते इकडे आले फेब्रुवारी २०१६ मध्ये. यात्रेच्या व्हिसावर, हरिद्वारला. गंगेत बुडी मारली आणि ट्रेनने थेट उल्हासनगर, कॅम्प एकला, मेव्हण्याकडे. मेव्हणा २०१३ सालीच आला होता. जेठानंदही तेव्हाच यायचे होते, पण आई अंथरुणाला खिळलेली. आईला प्रवास झेपत नव्हता आणि यांना आईला टाकून यायला. ती जानेवारी २०१६ मध्ये गेली. दिवस करून हे निघाले. दरम्यान आपल्या देशाने नागरिकत्वाच्या सोप्या दारावर एक तारीख लिहिली : ३१ डिसेंबर २०१४. त्याआधी आलेले या दाराने, नंतर आलेले त्या लांबच्या दाराने. मेव्हणा नागरिक झाला, मतदान करून शाई लावलेलं बोट सगळ्यांना दाखवत फिरला. जेठानंद दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिले, आमच्या गल्लीत भाड्याने. आई आणखी वर्षभर जगली, एवढाच त्यांचा गुन्हा. हे ते स्वतः कधी बोलले नाहीत. मेव्हणा बोलला, तेही कौतुकाने.

मी रिटायर झाल्यावर एक सेकंडहँड गाडी घेतली. घेतल्यावर लक्षात आलं की मला ती चालवता येत नाही. पंचवीस वर्षं लायसन खिशात होतं, त्यामुळे येत असेल असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी गाडी अशी अडकली की पुढे लस्सीवाला, मागे भंगारवाला आणि मध्ये मी. दोघेही मला सूचना देत होते, एक सिंधीत आणि एक भोजपुरीत. तेवढ्यात डावीकडचं दार उघडून जेठानंद आत बसले.

"अदा, घाबरू नका," ते म्हणाले. अदा म्हणजे त्यांच्या भाषेत भाऊ. "मी सांगतो तसं करा. क्लच पूरा. आता आरशात बघा. लस्सीवाल्याला बघू नका, तो हलणारा नाही."

मी म्हटलं, "तुम्हीच बसा ना इकडे. दोन मिनिटांचं काम."

"नाही अदा."

"अहो, गल्लीत कोण बघतंय? तो सनी बघा, मिसरूड फुटलं नाही आणि ट्रिपल सीट फिरतो."

"सनीला पकडलं तर पावती फाडतील," जेठानंद म्हणाले. "मला पकडलं तर नकाशा काढतील."

लायसन नव्हतं त्या सहा वर्षांत त्यांनी एकदाही, अगदी गाडी धुवायला दोन फूट पुढे घ्यायलासुद्धा, चावी फिरवली नाही. पायी चालताना लाल सिग्नलला थांबणारा उल्हासनगरातला मला माहीत असलेला एकमेव माणूस. मागून लोक शिव्या द्यायचे, हे हात स्टिअरिंगवर ठेवल्यासारखे उभे.

मला गाडी शिकवली ती त्यांनी. डाव्या सीटवरून. दिनानाथ मास्तरांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, माझ्या गाडीत नव्हता. पण जेठानंदांचा उजवा पाय काही ते मानायला तयार नव्हता. समोर रिक्षा आली की पाय मॅटवर दाबला जायचा. म्हैस आली की दाबला जायचा. माणूस हसत असायचा, बोलत असायचा, पाय आपलं काम करत असायचा. एकदा माझी बायको यशोधरा गाडी झाडायला गेली आणि हातात रबरी मॅट घेऊन आत आली.

"तुमच्या बाजूचं मॅट नवं कोरं आहे," ती म्हणाली, "आणि पाहुण्यांच्या बाजूच्या मॅटला भोक पडलंय. गाडी नक्की चालवतं कोण?"

मग कुणीतरी बातमी आणली की दीर्घ व्हिसावाल्यांनाही लायसन काढता येतं. जेठानंदांनी ती तीन वेळा तीन वेगवेगळ्या माणसांकडून खात्री करून घेतली. २०२२ साली अर्ज केला. मी दिनानाथ मास्तरांना सांगितलं, तर मास्तर लगेच म्हणाले, "दोन फोटो आणून द्या." सवय. जेठानंद म्हणाले, "मास्तरजी, परीक्षा मी देणार." मास्तरांच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जणू गिऱ्हाईक हॉटेलात येऊन स्वतःचा डबा उघडतंय.

परीक्षेला मी सोबत गेलो होतो. आठच्या आकड्यात गाडी फिरवायची होती. जेठानंद सीटवर बसले, आरसा नीट केला, सीट पुढेमागे केली आणि दोन मिनिटं काहीच केलं नाही. सहा वर्षांनी हातात चाक आलं होतं. मला वाटलं, विसरले. मग गाडी निघाली. तो आठ इतका गोल निघाला की साहेब म्हणाले, "परत काढा." पहिला चुकला म्हणून नाही, परत बघावासा वाटला म्हणून.

"कुठे शिकलात हो एवढं सफाईदार?"

"मीरपूरखास."

"हे कुठे आलं? अकोल्याकडे?"

जेठानंदांना खोटं बोलता येत नव्हतं. गणवेश समोर असला तर नाहीच. "नाही साहेब. पाकिस्तानात."

साहेबांनी कागद पुन्हा सुरुवातीपासून वाचले. मग पास केलं. माणूस सज्जन होता. पण लायसन हातात आलं तेव्हा त्यावरची मुदत बघून मी चाट पडलो. माझं पहिलं लायसन मी पन्नाशीला येईपर्यंत चालणारं. यांचं ९ सप्टेंबर २०२४ पर्यंत. त्या दिवशी त्यांचा व्हिसा संपत होता. व्हिसा वाढला तर लायसन वाढणार, व्हिसा अडकला तर तेही अडकणार.

"चालेल," जेठानंद म्हणाले. "कोचचा परमिटही साल-सालचा असायचा."

ते तोवर कॅम्प पाचातल्या एका जीन्सच्या कारखान्यात बटणं ठोकायचं काम करत होते. शेठने टेम्पो दिला. आणि माणूस बदलला. इस्त्रीचा शर्ट आला. सकाळी टेम्पोच्या टपावर हात ठेवून ते डोळे मिटायचे, मग काचेवर पाण्याचा एक थेंब शिंपडायचे, मग निघायचे. उल्हासनगर ते अंबरनाथ, अंबरनाथ ते बदलापूर, तयार पँटींचे गठ्ठे. हॉर्न वाजवायचे नाहीत. या भागात हॉर्न न वाजवता गाडी चालवणं म्हणजे मुक्यानं भाजी विकण्यासारखं आहे, पण त्यांना जमायचं. रस्त्याकडेच्या पाट्या वाचून वाचून मराठी सुधारलं. मोहिनीभाभी माझ्या बायकोला सांगायच्या, "आजकल झोप में भी बोलते हैं, वाहने सावकाश हाका."

दोन वर्षं. त्यांच्या इकडच्या आयुष्यातली उजव्या सीटवरची एवढीच.

मे २०२४ मध्ये त्यांच्या इमारतीत, गल्लीतल्या गुरुमुख अपार्टमेंटमध्ये, तिसऱ्या मजल्याच्या संडासाचा स्लॅब दुसऱ्या मजल्याच्या संडासात आला. दैव बलवत्तर, दोन्हीकडे कुणी नव्हतं. आमच्याकडे स्लॅब पडणं नवं नाही. अशा वेळी जे होतं ते झालं. इमारत धोकादायक ठरली, पाणी तोडलं, दरवाजाला सील लागलं, आणि अठरा कुटुंबं गाद्या डोक्यावर घेऊन रस्त्यावर आली. माझ्या कारखान्यातले जुने सोबती आण्णा बदलापूर गावात राहतात. शेती विकली, चार खोल्या बांधल्या. एक रिकामी होती. मीच फोन केला, माझ्याच गाडीतून सामान गेलं. जेठानंद डाव्या सीटवर, मांडीवर झुलेलाल.

निघायच्या आधी त्यांनी ती प्लॅस्टिकची पिशवी काढली.

"अदा, एक विचारायचं आहे. पत्ता बदलला. पोलिसांना लिहून द्यायला लागेल ना? आणि व्हिसाचा फॉर्म भरायचा आहे पुढच्या महिन्यात, त्यात कोणता पत्ता टाकू?"

सगळी गल्ली निरोपाला जमली होती. माणसं जमली की माझ्या जिभेला खाज सुटते. मी म्हटलं, "अहो जेठानंद, बदलापूर म्हणजे काय परदेश आहे? दोन महिन्यांत डागडुजी होईल, याल परत. टाका जुनाच. आमचं लाइट बिल अजून शंकररावांच्या नावावर येतं. वडील जाऊन एकवीस वर्षं झाली, पण एक महिना चुकवलेलं नाही त्यांनी!"

काय हशा पिकला! लस्सीवाला हसला, भाभी हसल्या. जेठानंदही हसले. त्यांनी कागद परत घडी करून पिशवीत घातला. परदेशाचा विनोद मला इतका आवडला की संध्याकाळी यशोधरेला मी तो पुन्हा ऐकवला. ती हसली नाही. म्हणाली, "त्यांना खरंच विचारायचं होतं."

आपल्याकडे पत्ता ही काय चीज असते? रेशन कार्ड गावाला, आधार सासरी, मतदान जुन्या चाळीत, आणि माणूस चौथीकडेच. कुणाचं काही अडत नाही. आमच्या हाडीमासी हे इतकं भिनलंय की समोरच्या माणसाला त्याचं एकेक पाऊल लिहून द्यावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्यापेक्षा ते त्यांना चांगलं माहीत होतं. पण आठ वर्षं कायद्याने वागलेल्या माणसालाही कधीतरी चारचौघांसारखं बेफिकीर व्हावंसं वाटत असेल. त्यांना वाटलं नेमकं त्या दिवशी, आणि माझ्या शब्दावर.

जुलैत पोलीस शिपाई चौकशीला आला. गुरुमुख अपार्टमेंटला कुलूप, दारावर पालिकेची नोटीस, जिन्यात कुत्री. मी त्या वेळी डोंबिवलीला लग्नात जिलबी खात होतो. त्याने शेरा मारला : सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. खोटं काय होतं त्यात?

फाइल परत आली. जेठानंद धावत ऑफिसात गेले, हात जोडले, बदलापूरचा पत्ता लिहून दिला. ठीक आहे, म्हणाले, तिथे माणूस पाठवतो. आता दुसरी गंमत ऐका. गंमत म्हणतोय, कारण दुसरा शब्द मला सापडत नाही.

बदलापूर गावात शिपाई गेला तेव्हा जेठानंद टेम्पोवर, भाभी दळणाला. दारात आण्णांची बायको वेणूबाई मासळी निवडत बसलेली. शिपायाने विचारलं, "मावशी, इथे कोणी पाकिस्तानी राहतो का?"

वेणूबाईने हातातली सुरी खाली ठेवली. "पाकिस्तानी? या घरात? तुमच्या जिभेला काय हाड? सुनेचं बाळंतपन आहे घरात, नि तुम्ही असलं नाव काढता!"

"अहो, भाडेकरू कोण आहे?"

"भाडेकरू नाय, आमचा जेठाभाव रवतो. देवमानूस हाय. मला दवाखान्यात नेला त्यानं टेम्पोतून. पाकिस्तानी-बिकिस्तानी इथं कोन नाय. बगा जा दुसरीकडं."

भावाला वाचवल्याच्या समाधानात तिने शिपायाला दोन बांगडेही बांधून दिले म्हणतात. शिपायाने दुसरा शेरा मारला : दोन्ही पत्त्यांवर शोध घेतला, मिळून आला नाही.

झालं. जेठानंद हरवले. कायद्याने हरवले. ते स्वतः ऑफिसात जाऊन उभे राहिले, म्हणाले, मी इथे आहे. तिथल्या कारकुनाने फाइल उघडून दाखवली. तिथे ते नव्हते.

आला ९ सप्टेंबर. व्हिसा वाढून आला नव्हता. त्या दिवशी दुपारी चार वाजता जेठानंदांनी टेम्पो कारखान्यासमोर लावला, आतून झाडला, आरसा पुसला आणि चावी शेठच्या टेबलावर ठेवली.

शेठ म्हणाला, "अरे, रात बारह तक का लायसन है तेरा. एक फेरा अंबरनाथ का बाकी है."

"शेठ, ट्रॅफिकचा भरवसा नाही," जेठानंद म्हणाले.

शेठने भाच्याला टेम्पोवर घेतलं. भाच्याचं लायसन दिनानाथ मास्तरांनी पेढ्यांसकट घरपोच दिलेलं. तिसऱ्या दिवशी त्याने टेम्पो विजेच्या खांबावर घातला. अर्ध्या कॅम्पात चार तास लाइट नव्हती. चौथ्या दिवशी तो पुन्हा टेम्पोवर होता. जेठानंद आतल्या खोलीत बटणं ठोकत होते. बाहेर गिअर करकरला की त्यांची हातोडी थांबायची, म्हणे.

पुढच्या वर्षी सीमेवर पेटलं. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरला : आपल्या शहरात किती पाकिस्तानी लपलेत, शोधा, पुढे पाठवा. तो पुढे पाठवणाऱ्यांत दिनानाथ मास्तर होते, लस्सीवाला होता, झेंड्याची चित्रं लावून तिघे-चौघे होते. जेठानंद त्याच ग्रुपमध्ये. सकाळी सगळ्यांना गुलाबाचं फूल पाठवायचे. त्या दिवसापासून फूल बंद झालं. मी मास्तरांना झापलं, तर ते खरोखर गोंधळले. "अरे, तो मेसेज जेठाभाईबद्दल थोडाच होता? जेठाभाई आपले आहेत." मास्तरांचं म्हणणं अगदी प्रामाणिक होतं, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

शेवटी मी ठरवलं, आपण जाऊन जबाब द्यायचा. चूक माझी, वेणूबाईची. माणूस कुठे पळालेला नाही. एक दिवस ठरवून बदलापूरला गेलो, जेठानंदांना घेतलं आणि चौकशीच्या ऑफिसात हजर झालो.

साहेब थकलेले होते, वाईट नव्हते. मी सगळं सांगितलं, परदेशाच्या विनोदासकट. ते हसले नाहीत.

"तुम्ही यांचे कोण?"

"शेजारी."

"ते तर बदलापूरला राहतात ना?"

"हो. पण शेजारीच."

"तुमचा पत्त्याचा पुरावा?"

मी लाइट बिल काढून दिलं. त्यांनी वाचलं. "हे शंकरराव कोण?"

"वडील."

"ते नाही आले?"

"ते वारले, साहेब. २००३ साली."

साहेबांनी बिल उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "चालेल." खटकन स्टेपलर मारलं. शंकरराव घरात सापडतात का हे बघायला कोणीही येणार नव्हतं. मी जेठानंदांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या रहदारीच्या चिन्हांचं पोस्टर वाचत होते. वाचत होते की नुसते बघत होते, कोण जाणे.

"जबाब वर पाठवतो," साहेब म्हणाले. "वेळ लागेल. नागरिकत्वासाठी वर्षं मोजतात ना, त्यात हा मधला काळ धरायचा की नाही तेही वरच ठरेल."

"आणि लायसन?" जेठानंदांनी तेवढंच विचारलं.

"आधी व्हिसा, मग लायसन. आणि काका, एक सांगून ठेवतो. सध्या तुमच्या नावावर काही येऊ देऊ नका. बारीकशी तक्रार, साधं चलानसुद्धा. विना-लायसन गाडीबिडी चालवताना दिसलात, तर ही फाइल मी उघडणार नाही, बंद करीन."

"नाही साहेब."

परत निघालो. त्यांना बदलापूर गावात सोडायचं होतं. उन्हाने गाडीचा टप तापलेला, मी जबाब देऊन दमलेलो. बदलापूरच्या उड्डाणपुलाच्या चढावर पुढचा विटांचा ट्रक थांबला आणि माझी गाडी बंद पडली. चालू केली, सुटली, मागे घसरली, पुन्हा बंद. मागे एका बाईकवाल्याने माझ्या आईची चौकशी केली. मी घाईत पुन्हा चावी फिरवली. गाडी आणखी हातभर मागे. पाच मिनिटांत त्या पुलावर एवढे हॉर्न वाजायला लागले की वरात निघाल्यासारखं वाटावं. तिन्ही पेडलं मला एकच वाटत होती.

ट्रॅफिक पोलीस धावत आला. तरुण पोरगा, घामाने डबडबलेला. खिडकीतून आत बघितलं. माझी अवस्था बघितली. मग शेजारी बसलेल्या माणसाकडे बघितलं. शांत, पाठ ताठ, हात मांडीवर.

"आजोबा, तुम्ही उतरा," तो मला म्हणाला. "तुमच्याने होत नाही. या काकांना घेऊ द्या. काका, तुम्हाला येते ना गाडी?"

मी जेठानंदांकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही. मीरपूरखास ते कराची, बावीस वर्षं, एक बकरी. गोल गोल आठ. परत काढा म्हणणारे साहेब. एक क्षण, बस, दार उघडून फक्त या बाजूला यायचं.

"नाही साहेब," जेठानंद म्हणाले. शुद्ध मराठीत, एकही शब्द न अडखळता. "मला गाडी येत नाही."

पोरगा हसला. मनाने चांगला असावा. "एवढं वय झालं आणि शिकला नाहीत? शिकून घ्या काका. काही अवघड नसतं. हिंमत पाहिजे फक्त."

"हो साहेब."

मग त्याने मला हँडब्रेक ओढायला लावला, मागच्या गाड्या हटवल्या. तो पाठमोरा झाला तसा डावीकडून पुटपुटल्यासारखा आवाज आला, ओठ न हलवता, "क्लच आधा. थांबा. थोडी रेस. और थोडी. आता सोडा." गाडी कुरकुरत चढ चढली. पुलाच्या माथ्यावर आलो.

उतारावर मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. म्हणजे नेहमीसारखं, हलकंफुलकं. बोलायच्या नादात वेग वाढला आणि खाली वळणावर समोरून रिक्षा आडवी आली. मी कचकन ब्रेक मारला. रिक्षापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. रिक्षावाला शिव्या देऊन गेला.

मी आधी खाली बघितलं. सवयीने. नवीन घातलेलं मॅट, त्यावर जेठानंदांची चप्पल. त्यांचा उजवा पाय जागच्या जागी होता. त्याने काहीच दाबलं नव्हतं. गाडी येत नसलेल्या माणसाचा असतो तसा, नुसता ठेवलेला.